परसदारचे प्रश्न : बी देताना, बी घेताना

डिसेंबर लागला की पावसाळी वेल वाळतात, शेंगा तडकायला लागतात आणि आमच्या टपालात बियांची पत्रं सुरू होतात. या वेळी बहुतेकांचा विषय एकच आहे, एकमेकांशी केलेली बियांची देवाणघेवाण. गच्चीवर, बाल्कनीत भाजी लावणाऱ्यांचे गट वाढलेत, ही आनंदाची गोष्ट. पण त्यातून फिरणाऱ्या कितीतरी पुड्यांवर नुसतं ‘भोपळा’ किंवा नुसतं ‘वांगी’ लिहिलेलं असतं, ते बघून माझं डोकं फिरतं. कुठला भोपळा? कोणाकडचा? कधी धरलेला? खालच्या उत्तरांत हा मुद्दा मी पुन्हा पुन्हा काढणार आहे, तेवढं चालवून घ्या.

ताई, बाजारातून टोमॅटोच्या बियांचं पाकीट आणलं होतं. झाडांना घोसच्या घोस लागले. त्याचं बी काढून मैत्रिणींना वाटायचा विचार आहे. चालेल ना? – एक वाचक, डोंबिवली

आधी ते पाकीट शोधा. त्यावर ‘संकरित’, ‘हायब्रीड’ किंवा ‘एफ-१’ असं छापलं असेल तर बी वाटू नका. दोन निवडक वाणांचा संकर करून मिळवलेली ती पहिली पिढी असते. म्हणून झाडं जोमदार आणि एकसारखी येतात. तिचं बी धरलं की पुढच्या पिढीत दोन्हीकडचे गुण सुटे होतात. एक झाड उंच, दुसरं बुटकं, एकाला घोस तर शेजारच्याला चार आंबट फळं. मेंडेलने १८६६ साली वाटाण्यावरून मांडला तो हाच हिशोब. तुमच्या स्वतःच्या कुंडीत हौसेने लावा, खाण्याजोगं काहीतरी येईलच. पण ‘घोसाचा टोमॅटो’ म्हणून मैत्रिणीला दिलंत, तर तिची माती, तिची कुंडी आणि तीन-चार महिने तुम्ही खर्ची घालताय.

पाकिटावर ‘सुधारित’ किंवा ‘सरळ वाण’ असेल तर खुशाल धरा. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ भेंडी अशीच आहे, दरवर्षी घरचं बी धरलं तरी भेंडी तशीच मिळते. गावरान टोमॅटो असेल तर मग काय विचारता. टोमॅटोचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागाने फळतं, त्यामुळे शेजारी दुसरा टोमॅटो असला तरी फारसं बिघडत नाही. पूर्ण पिकलेलं फळ वाटीत पिळा, त्याच्याच रसात दोन-तीन दिवस राहू द्या. वर पांढुरका पापुद्रा आला, बियांभोवतीचा बुळबुळीतपणा गेला, की गाळणीत खळखळून धुवा आणि ताटलीत पसरून सावलीत वाळवा. कागदावर वाळवू नका. बिया अशा चिकटतात की शेवटी कागदासकट पेरायची वेळ येते.

महिला मंडळातल्या एकीने दुधीचं बी दिलं. वेल जोरदार, फळं देखणी, पण दुधी कडूजहर! एक नाही, तीनही कडू. पाणी कमी पडलं का? गूळ घालून भाजी केली तर चालेल? आणि बी धरू का? – एक वाचक, पंढरपूर

गूळ डब्यात राहू द्या, आणि बीही धरू नका. दुधीची फोड जिभेला कडू लागली की थुंकायची आणि फळ टाकून द्यायचं. मीठ लावून, पिळून, शिजवून ते ‘सुधारायला’ जायचं नाही. तो कडूपणा कुकुर्बिटॅसिन नावाच्या द्रव्यांचा असतो आणि शिजवून जात नाही. २०१० साली दिल्लीत कडू दुधीचा रस प्यायल्यानंतर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला होता. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही कडू लागणारा रस पिऊ नये असंच बजावलं. पोटदुखी, जुलाब, रक्ताच्या उलट्या इथपर्यंत मजल जाते. कोणी चुकून प्यायलं आणि त्रास सुरू झाला तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठा.

आता पाण्याचं. पाण्याचा ताण पडला की काकडीच्या कुळातल्या फळांत कडूपणा वाढतो, हे खरं. पण वेलावरचं प्रत्येक फळ कडू असेल तर दोष बहुधा बियातच असतो. तुम्ही पंढरपूरच्या आहात म्हणून मला एक दाट शंका येते. तुमच्या भागात तंबोऱ्या-सतारीचे भोपळे पिकतात, मिरजेचे कारागीर ते तिकडूनच नेतात. तो भोपळा कडू, आणि जातीने दुधीच! दोघांचा संकर सहज होतो. तुम्हाला बी देणाऱ्या ताईंच्या वेलावर गेल्या वर्षी किड्यांनी कुठल्यातरी कडू भोपळ्याचा पराग आणला असेल, तर त्यांना ते कळायला मार्गच नव्हता. फळाचा गर आईवेलाचा असतो, तो चवीला चांगलाच राहतो. परक्या परागाचा गुण दिसतो तो त्या बियातून उगवलेल्या वेलावर, म्हणजे तुमच्याकडे. तेव्हा त्यांच्याशी भांडू नका, पण आजच्या आज कळवा. ते बी आणखी कोणाकोणाच्या घरी गेलंय ते त्यांनाच ठाऊक असणार.

दुधीचं बी दुसऱ्याला द्यायचं असेल तर फूल बांधून घ्यावं. फुलं पांढरी, संध्याकाळी उमलणारी. चार-साडेचारला वेलाशी जा. मादी कळीच्या मागे बोटाएवढा लवदार दुधी असतोच, नर कळी लांब बारीक देठावर उभी असते. आज उमलणारी कळी फुगून टोकाशी पांढरी झालेली दिसते. अशी एक मादी आणि दोन नर कळ्या निवडून त्यांची तोंडं दोऱ्याने सैलसर बांधा, म्हणजे किड्यांना आत शिरता येणार नाही. नर कळ्या त्याच वाणाच्या दुसऱ्या वेलावरच्या मिळाल्या तर फारच छान. दिवेलागणीला दोरे सोडा. नर फूल खुडून पाकळ्या मागे मुडपा, आतला पिवळा पराग मादी फुलातल्या जाड पाळ्यांवर हलक्या हाताने फिरवा, मादी फूल परत बांधा आणि देठाला लाल लोकरीची गाठ मारून ठेवा. हे फळ भाजीला नाही, असं घरात सगळ्यांना सांगा. त्याच वेलाचा दुसरा एखादा कोवळा दुधी मात्र चाखून बघायचा. तो कडू निघाला तर गाठ मारलेलं फळही बाद. नाहीतर साल टणक होऊन आत बी खुळखुळेपर्यंत ते वेलावरच राहू द्या.

दोडका आणि पडवळही संध्याकाळचेच. घोसाळी, कारली, काकडी आणि लाल भोपळा सकाळी उमलतात, त्यांच्या कळ्या आदल्या संध्याकाळी बांधायच्या. दोडका आणि घोसाळं शेजारी असतील तर त्यांचाही संकर होतो. दुधी आणि लाल भोपळा यांचा मात्र होत नाही, ती भीती सोडून द्या.

मैत्रिणीने चौधारीच्या शेंगांचं बी दिलं. फेब्रुवारीत लावलं. वेलाने अख्खी गच्ची व्यापली, पण सप्टेंबरपर्यंत एक फूल नाही. वैतागून उपटला. बी खराब होतं का? – एक वाचक, पुणे

बी उत्तम होतं हो, तुम्ही महिनाभर थांबायला हवं होतं! दिवस लहान झाल्याशिवाय चौधारी फुलावर येत नाही. फेब्रुवारीत लावा नाहीतर जूनमध्ये, निळसर फुलं दिसणार ती ऑक्टोबरच्या सुमाराला. मग उगाच चार महिने पानं कशाला पोसायची? जूनमध्येच लावा. गावरान वाल आणि पावटाही याच स्वभावाचे. मैत्रिणीने पुडीवर ‘जूनमध्ये लावणे’ एवढं लिहिलं असतं तर वेल वाचला असता. तिच्याकडून पुन्हा बी मागा. टरफल टणक असतं, म्हणून रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी जी बी फुगलेली नसेल तिला कानशीने किंवा सॅंडपेपरने हलका ओरखडा द्या.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी प्लॅस्टिकचे डबे लुटतो. यंदा भाजीच्या बिया लुटायचं मनात आहे. सासूबाई म्हणतात, बायका घरी जाऊन फेकून देतील. – एक वाचक, सांगली

सासूबाई निम्म्या बरोबर आहेत. जिच्याकडे एक कुंडी नाही तिच्या हातात सहा पुड्या ठेवल्या, तर पाचव्या दिवशी त्या केरात जाणारच. म्हणून एकच प्रकार द्या, आणि तोही लगेच पेरता येईल असा. पावट्याचं बी देखणं दिसतं, द्यावंसं वाटतं. पण ते जूनपर्यंत डब्यात पडून राहणार आणि विसरलं जाणार. थंडी ओसरायला लागली की जानेवारीच्या अखेरीपासून भेंडी, गवार, काकडी लावता येतात. माझी स्वतःची पसंती लाल माठाला. खोल कुंडी लागत नाही, फळांच्या जुन्या क्रेटमध्ये होतो आणि महिन्याभरात भाजी ताटात पडते. एकदा घरची भाजी खाल्ली की पुढच्या वर्षी बायका आपणहून बी मागायला येतात.

माठाचं बी खसखशीएवढं बारीक, एका पुडीत चिमूट-दोन चिमूट पुरे. भेंडी दिलीत तर दहा-बारा बिया. पुड्या कागदाच्याच करा, जुन्या वहीची पानं उत्तम. आणि एक करा, पुड्या सुगडाच्या ताटात ठेवू नका. ओली बोरं, उसाचे करवे, गाजराचे तुकडे यांच्याबरोबर पुडी एकाच पिशवीत गेली, की घरी पोचेपर्यंत कागद ओला आणि दोन दिवसांत बियांना बुरशी.

पुडीवर काय लिहायचं? ‘लाल माठ, गावरान. आमच्या परसातला, मूळ बी अमक्या गावचं. धरल्याचा महिना आणि साल. मातीवर भुरभुरून वर मातीचा अगदी पातळ थर. पाणी झारीने.’ एवढंच, पण तुमच्या हाताने लिहिलेलं.

वाटण्याआधी पंधरा दिवस उगवण बघून घ्या. वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळा, फडकं झाकणाच्या डब्यात ठेवा आणि डबा गॅसच्या ओट्याजवळ, उबेला. जानेवारीत गारठ्याने भेंडी उगवायला वेळ लावते, तेव्हा आठ-दहा दिवस वाट बघा. पंधराच्या वर मोड आले तर बी वाटण्याजोगं आहे. दहाच्या आत असतील तर ते घरीच दाट पेरून संपवा आणि डबे लुटा, काही बिघडत नाही.

आमच्याकडे मार्चमध्ये कडवे वाल निघतात. बियाचे वाल निवडून बरणीत घट्ट बंद करतो. जूनमध्ये लोकांना द्यायला काढावे तर पीठ आणि भुंगे! घट्ट बरणीत शिरतात कुठून? – एक वाचक, अलिबाग

शिरत नाहीत, तुम्हीच त्यांना आत कोंडता. भुंगा शेतातच शेंगेवर अंडी घालतो. अळी बियात शिरते, बरणीत निवांत वाढते आणि भुंगा होऊन गोल भोक पाडून बाहेर येते. मग तिथेच पुढची पिढी. चवळीच्या दाण्यावर कधी पांढरे ठिपके दिसले तर नखाने खरवडून बघा, तीच अंडी.

कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवा. दाताखाली दाणा दबला तर अजून ओला आहे; कट्‌कन तुटला तर झालं. मग लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भरून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, अंडी-अळ्या सगळं मरतं. ओलसर बी मात्र फ्रीझरमध्ये घालू नका, बीच मरेल. बाहेर काढल्यावर डबा रात्रभर न उघडता तसाच ठेवायचा. तुमच्या खाऱ्या दमट हवेत तो लगेच उघडलात तर गार दाण्यांवर पाणी धरेल आणि आधीची मेहनत वाया.

फ्रीझर नसेल तर राख. माझ्या सासरी कोरेगावकडे वाघ्या घेवड्याचं बी मडक्यात राखेतच ठेवायचे. चुलीची, चाळलेली, खडखडीत कोरडी राख, आणि ती चांगली सढळ हाताने, दाणे पूर्ण बुडतील इतकी. कडुनिंबाचा वाळलेला पाला घातला तर हरकत नाही, पण नुसत्या पाल्यावर विसंबू नका. बियाणेशास्त्रात एक ठोकताळा आहे: बियातला ओलावा एका टक्क्याने उतरला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणजे बरणी कुठली यापेक्षा बी किती वाळलंय ते महत्त्वाचं. याला कांदा अपवाद समजा. कांद्याचं बी घरात कसंही ठेवा, वर्षापलीकडे त्याचा भरवसा धरू नका. दोन वर्षांपूर्वीचं कांद्याचं बी कोणी प्रेमाने देऊ केलं तर तितक्याच प्रेमाने नको म्हणा.

आई एप्रिलमध्ये आमच्याकडे येतेय. तिच्या सामानातून वाल आणि दोडक्याचं बी मागवू का? इथल्या मराठी मैत्रिणींनाही हवंय. – एक वाचक, न्यू जर्सी

आईच्या पर्समध्ये लपवून तर मुळीच नको. विमानतळावर विचारतील तेव्हा तिला एकटीला उत्तर द्यावं लागेल, बी जप्त होईल, वर दंडही होऊ शकतो. अमेरिकेत बी न्यायचं तर रोगमुक्ततेचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. मोजक्या बियांसाठी तिथलं कृषी खातं वेगळा परवाना देतं. त्यात एका प्रकारच्या एका पुडीत जास्तीत जास्त ५० बिया चालतात, आणि पुडीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव लागतं. परवान्याचा अर्ज तुम्ही तिकडून करायचा, आणि तो आईच्या तिकिटाआधी. उलट दिशेलाही मोकळीक नाही. भारतात बी आणायला २००३ चा वनस्पती विलगीकरण आदेश लागू आहे.

आणि परवाना मिळाला तरी गावरान वाल आणू नका. वर पुण्याच्या ताईंना सांगितलं तेच कारण. तुमच्याकडे दिवस लहान होऊन वाल फुलावर येणार आणि शेंगा भरायच्या आत दव गोठायला लागणार. दिवसाच्या लांबीची पर्वा न करणारा बुटका वाल किंवा चवळी बघा. सगळ्यात सोपं म्हणजे तुमच्या मंडळात तिथे आधीपासून दोडका पिकवणाऱ्या कोणी असतील, त्यांच्याकडचं बी घ्या. त्या हवेत टिकलेल्या वेलाचं बी आईच्या बियापेक्षा तुम्हाला जास्त उपयोगी.

आमची शेती आहे. घरच्या भरताच्या वांग्याचं बी शेजारच्या शेतकऱ्यांना दिलं किंवा विकलं तर कायद्यात अडकू का? – एक वाचक, जळगाव जिल्हा

नाही. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला घरचं बी ठेवण्याचा, पेरण्याचा, अदलाबदलीचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे, अगदी संरक्षित वाण असलं तरी. फक्त संरक्षित वाणाचं बी कंपनीसारखं पॅकिंग-लेबल करून ब्रँडच्या नावाने विकता येत नाही.

आमच्या गच्ची-बागेच्या गटात चार-पाच जणच बी देतात. बाकीचे वर्षानुवर्षं फक्त ‘मला पण, मला पण’. काय करावं? – एक वाचक, ठाणे

उसनं नेलेलं बी सुगीनंतर वाढवून परत करायची रीत आपल्याकडे जुनी आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, त्यांच्या बियाणे बँकेतूनही बी नेणाऱ्याने दुप्पट परत द्यायचं असतं. शेतात ते जमतं. गच्चीवरच्या दोन कुंड्यांत दुप्पट बी निघेलच असं नाही, म्हणून तुम्ही परतफेडीत बी मागू नका, खबर मागा. उगवलं का, किती दिवसांनी फूल आलं, चव कशी होती. पहिल्या वर्षी कोणालाही द्या. दुसऱ्या वर्षी जिने खबर दिली तिला आधी. काहीच न कळवता तिसऱ्यांदा हात पुढे करणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणते. त्यावरून काही जण माझ्यावर रुसलेत, रुसू देत.

देणाऱ्यांचीही एक खोड आहे. कोवळ्या, भरदार शेंगा आमटीला जातात आणि शेवटी उरलेल्या किडक्या, वाकड्या शेंगा ‘बियाला राहू देत’ म्हणून सोडतात. मग लोक म्हणतात, गावरानात आता दम राहिला नाही. बहराच्या मध्यावरची, सगळ्यात निरोगी झाडाची फळं बियाला राखा. माठ आणि मुळा यांचं बी एकाच झाडाचं धरू नका, जमतील तितक्या झाडांचं एकत्र करा. आणि एखादं बी फक्त तुमच्याचकडे असेल, तर दोन वेगळ्या गावांतल्या दोघांकडे ते पोचवून ठेवा. उंदीर, वळवाचा पाऊस आणि साफसफाईच्या उत्साहातली सून यांचा नेम नसतो.

भेंडीला केवडा पडला, पानं पिवळी झाली. शेंगा जून झाल्यात, त्या बियाला ठेवल्या तर चालतील का? गटात द्यायच्या आहेत. – एक वाचक, कोल्हापूर

केवडा पांढऱ्या माशीमुळे पसरतो, बियातून आला असं सहसा होत नाही. तरी त्या झाडाने आपण रोगाला लगेच बळी पडतो हे दाखवलंय, मग त्याचं बी पुढे कशाला न्यायचं? (चवळी आणि घेवड्यावर मोझॅक, म्हणजे पानांवर फिके-गडद चट्टे पाडणारा विषाणूरोग दिसला, तर मात्र तो बियातून जातो. ते बी कोणालाही देऊ नका.) त्याच वाफ्यात शेवटपर्यंत हिरवं राहिलेलं एखादं झाड असेलच. त्यावरच्या चार-पाच शेंगांना दोरा बांधा, म्हणजे घरातलं कोणी भाजीला तोडणार नाही. शेंग तपकिरी होऊन कडांवर चीर पडली की त्याच दिवशी काढा. एक दिवस उशीर झाला तर बी कुंडीत सांडलेलं असेल.